म्हशीचे वरचे दात

बेळगावात जुलैमध्ये दोन गोष्टी वाळत नाहीत, चादरी आणि जलरंग. सासरे घरी आले तेव्हा मी बायकोच्या हेअर ड्रायरनं म्हैस वाळवत बसलो होतो. जावई काय करतात, या प्रश्नाला त्यांनी तेव्हापासून उत्तर देणंच सोडलंय.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. गल्लीत मात्र मी पेंटर. शिवजयंतीच्या चित्ररथाला पडदा रंगवून द्या म्हणून पोरं येतात आणि टेबलावरचा ससा बघून काळजीनं विचारतात, "मोठं जमतंय न्हवं?"

तर म्हैस. पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला. "वाक्यात म्हैस खुदकन हसलीय, चित्रात ती कर्जाचा हप्ता चुकल्यासारखी दिसतेय. दात दाखवा ना जरा."

दाखवले. वर आठ, खाली आठ, टूथपेस्टच्या जाहिरातीतल्यासारखे. मग मलाच शंका आली, म्हणून शहापुरात आमच्या गवळ्याच्या गोठ्यात गेलो. त्यानं चित्र बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि काही न बोलता जवळच्या म्हशीचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलला. आत नुसती गुलाबी-काळपट, टणक हिरडी. पुढं वर एकही दात नाही.

"पडले?"

"उगवतातच कुठं ओ! म्हशीला फुडं खालीच आठ दात. बारा वर्षं दूध प्यालासा, तोंड आज बगालाय."

म्हैस पंढरपुरी होती. म्हणजे शिंगं तलवारीसारखी लांब, पार खांद्याच्या मागं गेलेली. आणि मी मुऱ्हा जातीची जिलबी काढून बसलेलो. पुस्तक ३२ पानांचं, म्हैस ११ पानांवर. अकराही ठिकाणी शिंगं बदलली. लांब शिंगांची टोकं पानाच्या काठाला भिडली. तिथं छापखाना ३ मिलिमीटर जादा रंग मागतो आणि मग तो कापून टाकतो. दोन शिंगं अशी बोथट झाली.

बाईंना दातांचं शास्त्र सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण मुलांना काय कळतंय?" मुलांच्या पुस्तकात या वाक्यावर बरंच काही खपतं. मी हटलो नाही. ओठ मिटवले, डोळे बारीक केले, एक कान वर केला. खालच्या मजल्यावरच्या कानडी कुटुंबातल्या चार वर्षांच्या पोरीला चित्र दाखवलं. ती ओरडली, "हंदी!"

हंडी? चित्रात हंडी कुठाय? मी शोधत राहिलो. शेवटी तिनं नाक आखडून डुकरासारखं घुर्र केलं, तेव्हा कळलं. तिच्या आजीनं लगेच मला चहा पाजला. नाक लांबवलं. पाचव्या खेपेला पोरगी "एम्मे" म्हणाली आणि मी चित्र पाठवून दिलं.

पुस्तक आलं. पहिल्यांदा मधलंच पान उघडलं, १६-१७. तिथं म्हैस ऐसपैस दोन्ही पानांवर, तोंड बरोबर घडीवर. आणि पुस्तक शिवलेलं पिनांनी. वरची पिन आभाळात, खालची तिच्या नाकपुड्यांच्या मधोमध, चकचकीत.

एक प्रत गवळ्याला दिली. मिटलेले ओठ बघून त्यानं मान डोलावली, शिंगांवरून बोट फिरवलं. मग बोट पिनेवर थांबलं.

"सगळं बरोबर काढलासा. पण म्हशीला वेसण कोण घालतंय ओ?"