लिव्हर चिपमध्ये असतं, चिप लिव्हरमध्ये नाही

मामाला सिरॉसिस आहे. डॉक्टरांनी ट्रान्सप्लान्ट सांगितलंय. मामेभाऊ लिव्हरचा तुकडा द्यायला तयार, त्याच्या तपासण्या चालू. अशात परवा घरच्या ग्रुपवर मेसेज आला: अमेरिकेत लिव्हर चिप तयार, पोटात बसवली की सिरॉसिस बरा, ट्रान्सप्लान्टची गरज संपली, अचूकता १०० टक्के, भारतात प्राण्यांवरच्या चाचण्या बंद. सकाळी मामीचा फोन, "वर्षभर थांबायचं का रे?"

कशासाठी थांबायचं? ही पोटात बसवायची वस्तूच नाही! पेन ड्राइव्हएवढा पारदर्शक, रबरासारखा तुकडा. आत दोन बारीक वाटा, मधे सूक्ष्म छिद्रांचा पडदा. एका बाजूला माणसाच्या लिव्हरच्या पेशी, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या अस्तराच्या, आणि त्यांच्यावरून पंपाने सतत वाहतं पोषक द्रव. प्रयोगशाळेत त्यात औषध सोडायचं आणि पेशींना इजा होते का ते बघायचं. फॅटी लिव्हर, फायब्रोसिस (लिव्हरमध्ये व्रण साठून ते कडक होणं) कसं होतं याचाही अभ्यास तिच्यावर करतात. अभ्यास, उपचार नव्हे. दीड किलोच्या लिव्हरचं काम ती चिमूटभर पेशींवर कुठून करणार? आणि मामाच्या पोटात पाणी होतंय, ते मेसेज वाचून थांबणार आहे का?

१०० टक्के हा आकडा मात्र हवेतला नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. डिसेंबर २०२२ मध्ये 'कम्युनिकेशन्स मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला: ८७० चिप, २७ औषधं. निर्धोक औषधांवर चिपने एकदाही खोटा आळ घेतला नाही, ते १०० टक्के. लिव्हर बिघडवणारी औषधं पकडली ८७ टक्के. म्हणजे काही निसटलीच. शिवाय अभ्यास चिप बनवणाऱ्या एम्युलेट कंपनीचाच.

प्राण्यांवरच्या चाचण्या बंद झालेल्या नाहीत. २०२३ च्या नियमबदलाने भारतात चिपसारखे पर्याय चालतील असं ठरलं, एवढंच.

प्राण्यांवरून माणसाचा अंदाज चुकतो, हे मात्र खरं. फियालुरिडीन हे हिपॅटायटिस बीवरचं औषध प्राण्यांमध्ये ठीक वाटलं होतं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत १५ पैकी ७ जणांचं लिव्हर निकामी झालं. पाच गेले. उरलेले दोघे कशामुळे जगले, हे मी मामीला फोनवर दोनदा सांगितलं: ट्रान्सप्लान्टमुळे.