पुढे आलेले मजले आणि कराची दंतकथा
बल्गेरियातील राष्ट्रीय पुनरुत्थान काळातील, म्हणजे साधारण 18-19 व्या शतकातील, घरांच्या छायाचित्रांसोबत एक मजकूर हमखास फिरतो. तुर्की अमलात कर तळमजल्याच्या क्षेत्रफळावर बसत असे, म्हणून लोकांनी तळ आखूड ठेवून वरचे मजले रस्त्यावर काढले, आणि राज्यकर्त्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून घरे बाहेरून साधी ठेवली, असे त्यात सांगितलेले असते.

आधी कर. बल्गेरियातील प्लोवदिव शहराच्या जुन्या टेकडीवरील गल्ल्या वाकड्यातिकड्या आहेत. तळमजल्याच्या दगडी भिंतीला गल्लीचेच वळण घ्यावे लागते, त्यामुळे खालच्या खोल्या तिरक्या होतात. वरचा मजला मात्र लाकडी चौकटीचा आणि हलका असल्याने सुतार तुळया भिंतीबाहेर काढतो, त्यांना खालून तिरके टेकू देतो आणि वर काटकोनातील खोल्या साधतो. म्हणूनच एकाच भिंतीवरचा पुढावा एका टोकाला हातभर आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम वीतभर दिसतो. कर चुकवणाऱ्याने तो सगळीकडे सारखाच ताणला असता. शिवाय तुळईच्या बाहेरच्या टोकावर भिंतीचा भार आला की तिचा मधला भाग कमी लवतो, हा फायदा वेगळाच. गंमत अशी, की हीच कराची गोष्ट पश्चिम युरोपातील लाकडी घरांबद्दलही सांगितली जाते, आणि तिथे सुलतानाचा अंमल कधीच नव्हता.

तळ आखूड ठेवण्याची धडपडही दिसत नाही. अर्गिर कुयुमजिओग्लू या व्यापाऱ्याचे 1847 मधील घर, जिथे आज लोकजीवनाचे संग्रहालय आहे, सुमारे 570 चौरस मीटर जागा व्यापते. कोप्रिवश्तित्सा या डोंगराळ गावातील काही सधन घराणी तर मेंढ्यांवरील कराच्या वसुलीचा मक्ता घेणारी होती. त्यांना करवसुलीची भीती घालण्यात काय अर्थ?

घरे बाहेरून साधी ठेवली, या दुसऱ्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. डोंगराळ गावांतील अंगणांभोवती उंच दगडी भिंती आहेत आणि त्यांमागे खाजगीपणा जपला जाई. पण 19 व्या शतकात लोकरी कापडाच्या व्यापारातून पैसा आला, तसा घरांचा दर्शनी भाग उघडपणे सजू लागला. कुयुमजिओग्लूच्या गडद दर्शनी भिंतीवर पिवळसर नक्षी आहे आणि वर कावडीच्या दांडीसारखी वळणदार कमान. 1853 ते 1856 दरम्यान बांधलेल्या कोप्रिवश्तित्सातील ऑस्लेकोव्ह घराच्या दारात तीन उंच लाकडी खांब उभे आहेत, आणि त्यामागची भिंत चित्रांनी रंगवलेली आहे.