लस मोफत आहे, आणखी काय हवं?

लसीकरणावर मत द्यायची वेळ कुणावरही येऊ शकते. सोसायटीच्या ग्रुपवर गोवराची बातमी पडते आणि सगळे तुमच्याकडे बघतात. अशा वेळी गोंधळू नका. 'या लोकांमध्ये अवेअरनेसच नाही हो,' एवढं टाइप करा. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम 1985 पासून चालू आहे, सरकारी केंद्रात एक रुपया लागत नाही, तरीही पोर लशीविना राहतं म्हणजे आईबाप अडाणीच. हे निदान करायला डॉक्टर असावं लागत नाही.

कुणी आगाऊपणे ऊसतोड कामगारांचा विषय काढलाच, तर चिडू नका. बीडहून निघणाऱ्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला, सरळ सल्ला द्या: बाळंत व्हायचं ते आषाढात. हिशेब सोपा आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे पेंटाव्हॅलंटचे, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लशीचे, डोस गावातच उरकतात, मग दिवाळीच्या सुमाराला टोळी खुशाल गाडीत बसू दे. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस येते एप्रिलमध्ये. तोवर कारखान्याचा पट्टा पडलेला, म्हणजे गाळप संपलेलं असतं, आई गावी परतलेली असते. किती सुबक! 2022 साली ऊस इतका झाला की गाळप जूनपर्यंत रेटावं लागलं. अशा वर्षी बाळानंच नऊ महिन्यांचं व्हायची घाई करू नये.

आणि ज्यांना आषाढ साधला नाही, त्यांनी फडाजवळच्या झोपडीतून, कोपीतून, उठून आरोग्य केंद्र गाठावं. त्यात अवघड काय? उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, आधीच घेऊन खर्च झालेली असते, एक दिवस फडावर गेलं नाही तर मुकादम खाड्याचे पैसे कापतो, आणि कोयता जोडीचा असल्यानं बाई गेली की गड्याचंही काम अडतं. पण मुलाच्या आरोग्यापुढे पैसा महत्त्वाचा का? हे वाक्य महिन्याचा पगार सुट्टीसकट मिळणाऱ्या माणसानं म्हटलं की फार शोभतं.

केंद्रावर पोचल्यावर सोबत आणखी काही मुलं असली तर बरं. गोवर-रुबेलाची अनेक डोसांची कुपी एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरलेली फेकायची. एका मुलासाठीही ती फोडावी असा नियम आहे, पण वाया गेलेल्या डोसांचा हिशेब सिस्टरलाच द्यावा लागतो. त्यामुळे 'पुढच्या बुधवारी या' ऐकू आलं तर समजून घ्या. पुढच्या बुधवारी तुमची टोळी दुसऱ्या गावच्या फडात असेल, हा तपशील रजिस्टरमध्ये बसत नाही. कार्ड गावाकडच्या पेटीत राहिलं असेल तर आधीच्या डोसांच्या तारखा तोंडपाठ ठेवा.

शहरात मात्र सगळं जवळ असतं. 2022 च्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईतल्या गोवंडीत गोवरानं मुलं दगावली तेव्हा दिल्लीहून पथक आलं, सर्वेक्षण झालं, जादा डोसाची मोहीम निघाली, मौलवींना आवाहन करायला सांगितलं. तुम्हीही तेव्हा धर्मावर दोन पोस्टी टाकल्या असतीलच, आठवून पाहा. करोनाच्या काळात चुकलेले डोस, दाटीवाटीच्या खोल्या, कुपोषण यांच्यावर पोस्ट लिहायला फार टायपिंग लागतं.

आकडे टाळू नका, फक्त सरासरीच सांगा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातली सुमारे 76 टक्के मुलं पूर्ण लसीकरण झालेली निघाली, म्हणजे चारातली तीन. चौथं कुठल्या घरातलं, हे विचारणाऱ्याला नकारात्मक म्हणा. गोवर रोखायला 95 टक्के लागतात, हे तर काढूच नका.

तुमच्या स्वतःच्या नातवाचं निराळं. त्याची तारीख जवळ आली की दवाखान्याचा मेसेज येतो, शनिवारी संध्याकाळची वेळ मिळते, 'पेनलेस'साठी चार आकडी बिल होतं, वर फुगाही मिळतो. त्या संध्याकाळी घरकामाच्या मावशींना थांबवून घ्या, घरी पोळ्या कोण करणार? त्यांनी बुधवारी सुनेबरोबर लशीला जायला अर्धा दिवस मागितला, तर आज पाहुणे आहेत म्हणा. तरी गेल्याच तर पैसे कापा, नाहीतर सवय लागते. आणि ग्रुपवर जनजागृतीच्या फ्लेक्ससाठी वर्गणी जमते आहे, त्यात पाचशे तुमचे लिहा.