डोनट, भिशी आणि पहाटेची पाळी

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परवा एकाने फॉरवर्ड टाकला. विषय काय, तर डोनट जगभर का खपतो. खाली नेहमीची जंत्री: ब्रँडिंग, पॅकेजिंग, 'ग्राहकाला अनुभव विका' वगैरे. डंकिन आणि क्रिस्पी क्रीम या डोनटच्या बड्या साखळ्यांचे गोडवे. वाचून मला आमच्या कोपऱ्यावरचं दुकान आठवलं. त्याच्या पाटीतलं एक अक्षर कधीचं विझलंय, शेजारी लाँड्री, पलीकडे नखं करून देणारं पार्लर, आणि ब्रँडिंग म्हणाल तर काचेवर चिकटवलेला, उन्हाने उडालेला एक डोनटचा फोटो. मी या भागात राहायला आले त्याच्या कितीतरी आधीपासून ते दुकान चालू आहे, आणि व्यवस्थित चालू आहे. ग्रुपवर लिहिलं असतं तर 'दुर्लक्ष कर गं' एवढंच उत्तर आलं असतं. म्हणून इथे लिहितेय.

मी लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, ऑरेंज काउंटीत राहते. इस्पितळाच्या लॅबमध्ये रात्रपाळी असते. घरी जाताना पहाटे पाच-साडेपाचला उघडं असणारं आणि आत माणूस दिसणारं दुकान एकच, डोनटचं. आणि या भागात डोनटचं दुकान म्हणजे कंबोडियन कुटुंबाचं दुकान. सगळी नाहीत, पण कॅलिफोर्नियातल्या स्वतंत्र, म्हणजे कुठल्या साखळीत नसलेल्या, डोनट दुकानांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास त्यांच्या हातात आहेत असा अंदाज नेहमी दिला जातो. आता कंबोडियाचा आणि डोनटचा काय संबंध?

संबंध एका माणसापासून सुरू होतो. बुन तेक न्गोय, इथे आल्यावर टेड न्गोय. कंबोडियाच्या लष्करात मेजर. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाने राजधानी नॉम पेन्ह घेतली. पुढच्या चार वर्षांत त्या छोट्या देशात १५ ते २० लाख माणसं उपासमारीने, रोगराईने आणि सरळ कत्तलीत मेली. न्गोय बायको-मुलांसह निसटले आणि कॅम्प पेंडलटन या कॅलिफोर्नियातल्या लष्करी तळावरच्या निर्वासित छावणीत येऊन पडले. टस्टिन गावातल्या एका चर्चने त्यांची जबाबदारी घेतली. तिथे झाडूपोछा, आणि रात्री पेट्रोल पंपावर दुसरी नोकरी. पंपाच्या शेजारी डोनटचं दुकान होतं. तळणीचा वास यायचा, एकदा घेऊन खाल्ला, आणि घरचं 'नोम कोंग' आठवलं. तांदळाच्या पिठाचं, मधे भोक पाडलेलं, तळून वर ताडगुळाचा पाक सोडलेलं असं ते कंबोडियन खाणं.

ही वासाची गोष्ट सगळे सांगतात, कारण ती गोड आहे. मला पुढची जास्त महत्त्वाची वाटते. विंचेल्स नावाची डोनटची साखळी होती, १९४८ पासूनची, इथलीच. न्गोय त्यांच्याकडे उमेदवारी करायला लागले. पीठ, तळण, हिशेब, सगळं पगार घेत शिकले, मग न्यूपोर्ट बीचचं एक दुकान सांभाळलं. त्याच काळात घरच्यांना कामाला लावून पैसे साठवले आणि १९७७ मध्ये ला हाब्रा गावातलं 'क्रिस्टीज' नावाचं दुकान विकत घेतलं. मग दुसरं, तिसरं, करत करत पन्नासच्या वर गेले. मुख्य म्हणजे ती सगळी स्वतः चालवली नाहीत. नवी नवी निर्वासित कुटुंबं येत होती, त्यांना हाताखाली घेऊन शिकवायचं आणि दुकान भाड्याने चालवायला द्यायचं. त्या कुटुंबाने चार पैसे जमवले की ते आपलं दुकान काढणार, आणि स्वतःच्या चुलत-मावस भावंडांना शिकवणार. मुंबईत उडपी हॉटेलं अशीच पसरली. गावाकडचा पोरगा आला की आधी फडक्याने टेबलं पुसणार, मग भट्टीवर, मग गल्ल्यावर.

पण शिकवलं तरी भांडवल कुठून आणायचं? बँक दारात उभं करणार नाही, गहाण टाकायला काही नाही. इथे येते ती भिशी. कंबोडियन लोक तिला तोंतीन म्हणतात. दहा-पंधरा-वीस जण दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात आणि दर वेळी एक जण सगळी उचलतो. ज्याला घाई तो कमी घेऊन आधी उचलतो, ज्याला घाई नाही तो शेवटी थांबतो आणि व्याज कमावतो. आपल्याकडच्या बोलीच्या भिशीचं गणित हेच की! माझ्या आईच्या भिशीतून फ्रीज आला होता, इथे त्यातून फ्रायर आणि शोकेस आले. कागद नाही, सही नाही. बुडवलं तर लाँग बीचपासून स्टॉकटनपर्यंत, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कुठल्याच कंबोडियन वस्तीत, तोंड दाखवायला जागा नाही, एवढंच तारण. ग्रुपवरच्या त्या फॉरवर्डमध्ये 'फंडिंग' नावाचा परिच्छेद होता. त्यात भिशी नव्हती.

आता धंद्याचं गणित बघा, म्हणजे हीच माणसं याच धंद्यात का टिकली ते कळेल. माल स्वस्त: मैदा, साखर, तेल, यीस्ट. तयार मिश्रणाची पन्नास पौंडांची पोती येतात. मेन्यू छोटा. सगळं काचेमागे मांडलेलं, गिऱ्हाईक बोट दाखवतो, त्यामुळे इंग्रजी मोडकं असलं तरी अडत नाही. महाग आहे ती फक्त मजुरी, आणि तीही अवेळची. यीस्टचं पीठ मळून ठेवायचं, लाटून कापायचं, उबेत फुगू द्यायचं, मग साधारण १९० अंशांच्या तेलात सोडायचं. एका बाजूने मिनिटभर, दोन काठ्यांनी उलटायचं, दुसऱ्या बाजूने मिनिटभर. गरम असतानाच साखरेचा पाक. केक डोनटचं पीठ वेगळं, ते फुगवायचं नसतं पण तेलाचा अंदाज वेगळा लागतो. दुकान पाचला उघडायचं तर हे सगळं मध्यरात्रीपासून. आणि दुपारनंतर उरलेला माल जवळजवळ मातीमोल, दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. पगारी माणूस ठेवून हे गणित बसत नाही. नवरा रात्री तळतो, बायको सकाळी गल्ल्यावर, मुलं शाळेतून आली की खोके घडी करतात, आजी बसल्या जागी लक्ष ठेवते. घरच्यांच्या कामाचा पगार धरला जात नाही, म्हणून डोनट परवडतो. तुम्हालाही आणि त्यांनाही.

डंकिनसारखी बलाढ्य कंपनी दक्षिण कॅलिफोर्नियात टिकली नव्हती, त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. २०१४ मध्ये सांता मोनिकात दुकान उघडून त्यांना इथे नव्याने सुरुवात करावी लागली. तेव्हा रांगा लागल्या, बातम्या झाल्या. आमच्या कोपऱ्यावरच्या काकूंना मी विचारलं, काळजी वाटत नाही का? त्या चिमटा खाली न ठेवता म्हणाल्या, "ते पहाटे चारला बटरमिल्क बार स्वतः तळतात का?" बटरमिल्क बार म्हणजे ताक घालून केलेला लांबट डोनट. विषय संपला.

या काकूंचं दुकान म्हणजे काउंटरच्या मागे वर बुद्धाची छोटी पेटी, समोर संत्रं आणि कधीकधी एक ताजा ग्लेझ्ड डोनट. नैवेद्यच तो. बाजूला लॉटरीचं मशीन. पहाटेचं गिऱ्हाईक म्हणजे छपरं घालणारे मेक्सिकन मजूर, बस ड्रायव्हर, माझ्यासारखे रात्रपाळीवाले आणि दोन-तीन निवृत्त आजोबा जे कॉफीच्या एका कपावर तास काढतात. त्यांना कुणी उठवत नाही. डझन घेतला की काकू न विचारता वर मूठभर डोनटचे गोळे टाकतात, भोकातून निघालेल्या पिठाचे म्हणतात ते. झाकण लावलं की वरच्या रांगेतल्या मेपल बारचा, म्हणजे मेपलच्या पाकातल्या लांबट डोनटचा, पाक खोक्याला चिकटतोच. तो बोटाने खरवडून खायचा, गाडीत, कुणी बघत नाही.

तो खोकाही गुलाबी असतो. अमेरिकेत इतरत्र बेकरीचे खोके सर्रास पांढरे, इथे गुलाबी. याचं श्रेयही कंबोडियन दुकानदारांना दिलं जातं. पांढऱ्यापेक्षा गुलाबी पुठ्ठा काही सेंटांनी स्वस्त पडत होता. दिवसाला ढिगाने खोके लागणाऱ्यांना तेवढे सेंट पुष्कळ झाले. शिवाय यातली बरीचशी कुटुंबं मुळात चिनी वंशाची, पांढरा रंग सुतकाचा आणि लालसर रंग शुभ मानणारी. आता हॉलिवूडच्या कृपेने तो खोका जगभर पोचलाय आणि डिझाइनवाले त्यावर निबंध लिहितात. कारण काय, तर पुठ्ठा स्वस्त होता!

एवढं सगळं वाचून 'मेहनतीचं फळ', 'अमेरिकन ड्रीम' असं कमेंटमध्ये लिहिणार असाल तर जरा थांबा. टेड न्गोय यांचं काय झालं? लाखो डॉलर कमावले, तळ्याकाठी बंगला घेतला, राजकारण्यांत ऊठबस झाली, आणि लास वेगासच्या जुगारात एकेक करून सगळं घालवलं. मधे काही काळ भिक्खू होऊन बघितलं, मग कंबोडियात जाऊन राजकारणही केलं. ज्यांना त्यांनी उभं केलं ती दुकानं मात्र राहिली. म्हणजे ही एका धडपड्या माणसाची यशोगाथा म्हणून सांगायची सोयच नाही. यशस्वी झाली ती एकमेकांना शिकवणाऱ्या कुटुंबांची साखळी, एक माणूस नव्हे.

आणि त्या साखळीची किंमत मुलांनी मोजली आहे. या दुकानांत वाढलेल्या पिढीची आता लिहिती-बोलती माणसं आहेत. मैद्याच्या पोत्यांवर झोपलो, गृहपाठ काउंटरखाली बसून केला, आई-बाबांबरोबर एकही सुट्टी कधी घालवली नाही, हे ती मोकळेपणाने सांगतात. काहींनी दुकान हातात घेऊन रंगीबेरंगी डोनट इन्स्टाग्रामवर गाजवले. बहुतेकांनी घेतलं नाही. काकूंचा मुलगा फार्मसिस्ट आहे, मुलगी अकाउंटंट. दुकान कुणाला देणार विचारलं की त्या हात झटकतात. इथले लोक यावर हळहळतात, जुनी दुकानं बंद पडतायत म्हणून. मला हळहळ वाटत नाही. मुलांनी रात्री एकला उठून तळण करू नये म्हणूनच तर ते दुकान होतं. आपल्याला स्वस्तात ताजा डोनट मिळावा यासाठी कुणाच्या नातवानेही मध्यरात्री उठावं, ही अपेक्षा आपण कोण करणार?

हळहळीपेक्षा सील बीचच्या लोकांनी केलं ते शहाणपणाचं. तिथे 'डोनट सिटी' नावाचं दुकान आहे, चालवणारं जोडपं १९७९ मध्ये निर्वासित म्हणून आलेलं. २०१८ मध्ये बाईंच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. त्या काउंटरवर दिसेनात, तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांनी चौकशी केली. लोक ऑनलाइन वर्गणी काढू म्हणाले, नवऱ्याने नको म्हटलं, मला फक्त तिच्याजवळ जास्त वेळ बसायला मिळू दे. मग गावाने काय केलं, तर पहाटेच येऊन डझन-डझन डोनट न्यायला सुरुवात केली. सकाळीच माल संपायचा, नवरा शटर ओढून बायकोकडे जायचा. दयेचा एक पैसा दिला नाही, माल घेतला आणि पैसे मोजले. डोनट कुणी खाल्ले देव जाणे. त्या महिन्यात सील बीचच्या ऑफिसांची वजनं वाढली असणार.

जगभर सगळीकडे असंच आहे असा माझा दावा नाही. कॅनडात टिम हॉर्टन्स हे नाव एका हॉकीपटूचं. १९६४ मध्ये हॅमिल्टनला पहिलं दुकान निघालं आणि तिथे थंडीत बसायची जागा म्हणून डोनट रुजला. जपानमध्ये मिस्टर डोनट आणलं ते डस्किनने, १९७१ मध्ये. या कंपनीचा मूळ धंदा लादी पुसायची फडकी भाड्याने देण्याचा. अमेरिकेतून ते नाव जवळजवळ पुसलं गेलं, जपानात ठिकठिकाणी आहे. भारतात डंकिन २०१२ मध्ये दिल्लीत आलं आणि थोड्याच दिवसांत डोनटपेक्षा बर्गरवर भर द्यावा लागला. आपल्याकडे डोनट मॉलमध्ये शिरला, एसीत, संध्याकाळी, वाढदिवसाला. सकाळची जागा पोहे, वडापाव, मिसळ यांनी आधीच धरलेली, आणि पहाटे चारला उठून तळणारी कुटुंबंही त्यांच्याकडेच. ज्या बाईने स्टेशनबाहेर पहाटे कांदेपोह्याचं पातेलं मांडलंय तिच्याशी टक्कर घ्यायला डोनटला अजून वेळ आहे. बिनअंड्याचा केला तरी.

अंड्यावरून आठवलं. इकडे येणारे आई-वडील पहिला प्रश्न तोच विचारतात. बहुतेक दुकानांच्या तयार मिश्रणात अंडं असतं, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी विचारूनच घ्या. ज्यांना चालतं त्यांनी लॉस एंजेलिसला आलात की विमानतळाजवळ, इंगलवूडच्या रँडीज दुकानावरच्या त्या १९५३ सालच्या अवाढव्य डोनटसमोर फोटो जरूर काढा, पण खायला एखाद्या गल्लीतल्या विझक्या पाटीच्या दुकानात जा. सातच्या आत. सोबत रोख ठेवा, थोड्या रकमेला बऱ्याच ठिकाणी कार्ड घेत नाहीत. ग्लेझ्ड सगळेच घेतात, तुम्ही बटरमिल्क बार मागा. बाहेरून कुरकुरीत, भेगाळलेला, आत किंचित आंबट. आणि कॉफी तिथली घेऊ नका, ती खरंच वाईट असते.