तिथीची पाऊणपट

किनाऱ्यावरचा माणूस मनात आलं की समुद्रावर फिरायला जातो, असं घाटावरच्यांना वाटतं. रत्नागिरीत भाट्याच्या पुळणीवर जायचं तर मला आधी पंचांग उघडावं लागतं.

हिशोब पाऊणकीचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अर्धा तास इकडेतिकडे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ऐन फिरायच्या वेळी भरती. पौर्णिमेला नाहीतर अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि सव्वासहा तास मागे गेलं की ओहोटी पहाटे पाचला. त्या दिवशी सहाला जावं. समुद्र पार मागे हटलेला असतो आणि ओल्या वाळूची रुंद पट्टी मिळते. कणांमधलं पाणी कणांना धरून ठेवतं, म्हणून ती वाळू पायाखाली घट्ट लागते. वरची कोरडी वाळू प्रत्येक पावलाला अर्धं पाऊल परत घेते. पोटऱ्या दुसऱ्या दिवशी बोलतात. सावलीसाठी सुरूच्या बनात शिरायचं तर चप्पल हवीच. सुरूची फळं दिसायला बोराएवढी, पण काटेरी.

ओल्या पट्टीवर बारके खेकडे कामाला लागलेले असतात. वाळू तोंडात घ्यायची, खाण्याजोगं तेवढं काढायचं आणि उरलेल्याची गोळी करून मागे टाकायची. बिळाभोवती गोळ्यांची नक्षी होते, ती पुढची भरती पुसते. मी जवळ गेलो की सगळे बिळात. एकही विचारत नाही, “कुठे निघालात?”

माणसं विचारतात. पुळण गाठेपर्यंत निदान पाच जण. “फिरायला” हे उत्तर आमच्याकडे चालत नाही.

“का हो, डॉक्टरने सांगितलंन वाटतं?”

नाही म्हटलं तर, “मग घरी काही झालं का?”

उपाय एकच, हातात पिशवी. पिशवीवाला माणूस मासळीला निघालेला असतो, त्याला कोणी अडवत नाही. परत येताना मात्र “बांगडा काय भावाने?” असं येतं, तेव्हा भाव पाठ हवा आणि पिशवीत निदान एक नारळ, म्हणजे ती रिकामी लोंबत नाही. जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद, लगेच पाठोपाठ श्रावण. तेवढे दिवस पिशवीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

सगळ्यात वाईट एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सहाला निघावं तर जाताना पट्टी असते, येताना ती पाण्याखाली आणि वाटेला कोरडी वाळू. त्यात आमच्या आळीला तिथी माझ्याआधी ठाऊक.

“एकादशीला पिशवी?”

“रताळी आणतो.”

रताळी बाजारात मिळतात. बाजार पुळणीच्या बरोबर उलट्या दिशेला.