नुसतं धावून सीपॅट निघत नाही

अमेरिकेत स्वयंसेवक अग्निशामक व्हायला ‘रोज पाच किलोमीटर धावा’ असा सल्ला एका लेखात दिलाय, तो अपुरा आहे. तिथली अनेक अग्निशमन दलं उमेदवारांची शारीरिक क्षमता तपासायला घेतात ती सीपॅट चाचणी म्हणजे आठ प्रकार, ओळीने, 10 मिनिटं 20 सेकंदांत. पहिल्याच प्रकारात, जिन्याच्या यंत्रावर, लोक गळतात: अंगात 50 पौंडांचं जाकीट, खांद्यांवर आणखी 25, मिनिटाला 60 पायऱ्या, सलग 3 मिनिटं. कठड्यावर भार टाकला की ताकीद. तिसऱ्यांदा थेट बाद. धावून दम वाढेल हो, पण ओझ्याखाली मांड्या भरून येतात त्याचं काय? पुढे 165 पौंडांचा पुतळा ओढायचाय. त्यापेक्षा पाठीवर 10 किलो घेऊन जिने चढा, हळूहळू वाढवा. आणि दाढी काढा, तिच्यामुळे आगीत घालायचा श्वसनाचा मास्क कडेने गळतो.