एका शब्दाचा पगार

"मगे पगार कित्याचो घेतंस?"

काल सकाळी आमच्याच ओटीवर, आमचाच चहा पीत तात्यांनी हे विचारलं. चहा त्यांच्या घशाखाली उतरला, प्रश्न माझ्या घशात अजून अडकलाय.

मी मालवणात बसून कंपनीचा डेटा सांभाळतो. तो कॅसांड्रा नावाच्या डेटाबेसच्या नऊ नोडांवर, म्हणजे नऊ सर्व्हरांवर, पसरलेला. जोडायचं म्हणजे आधी व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कात शिरायची वाट), मग मधल्या सर्व्हरवर एसएसएच (दुरून लॉगिन), मग सीक्यूएलएसएच (कॅसांड्राशी बोलायची कमांड). त्याला नोडचा आयपी (पत्ता), पोर्ट ९०४२, सर्टिफिकेट, पासवर्ड. सीक्यूएलएसएच सांगितलेल्या नोडचंच दार वाजवतं. तो नोड झोपलेला असला की दुसरा आयपी शोधा. तोवर पावसाळ्यात इथली लाइट जाते. म्हणून बॅशमध्ये पन्नासेक ओळींची स्क्रिप्ट (एका दमात चालणाऱ्या कमांडांची फाइल) लिहिली: यादीतला एकेक नोड दोन सेकंद ठोठाव, जो आधी उठेल त्याला जोड, पासवर्ड ६०० परवानगीच्या, म्हणजे फक्त मलाच उघडता येणाऱ्या, फाइलीतून घे (कमांडमध्ये लिहिला तर 'पीएस' मारून चालू कमांडा बघणाऱ्याला दिसू शकतो). आता नुसतं 'जोड' म्हटलं की काम होतं.

तात्या रोज पेपर वाचायला येतात. पेपरही आमचाच.

"हे नऊ जण कोण?"

"सर्व्हर, तात्यानू."

"त्यांच्यात मुख्य कोण?"

"कोणच नाय. सगळे सारके. खंयच्याय एकाक विचारा, तो बाकीच्यांका विचारून सांगता."

पेपर खाली आला. "आणि एक मेलो तर दुसऱ्यांका कळता कसा?"

मी सांगितलं, दर सेकंदाला ते आपसात बोलतात. कोण उठलाय, कोण पडलाय, सगळी खबर फिरते.

"म्हणजे गजाली करतत. आमीव स्टँडार ह्याच करतंव, आमका कोण पगार देणा नाय."

इथे थांबलो असतो तर बरं होतं, पण तात्यांना एकच माहिती तिघांकडे का ठेवतात ते हवं होतं. आणि तिघांनी तीन सांगितलं तर?

"ज्याच्यार शेवटची वेळ, ता खरा."

तात्यांच्या हातातली बशी थरथरली. आजोबांच्या जमिनीचा त्यांचा दावा माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. सातबाऱ्यावर इतके सहहिस्सेदार की तलाठ्यालाही दम लागतो; निम्मे मुंबईत, काही देवाघरी, पण नावं शाबूत.

"शेवटी लिवलेला खरा? मगे आधी लिवलेला खंय गेला?"

"कालांतरान पुसला जाता."

"पुसतत!" तात्या उभेच राहिले. "ह्याच आमच्या चुलत्यान केल्यान! फेरफार घातल्यान आणि माजो हिस्सो पुसल्यान. तेव्हा कोणी तेका कंपीटर म्हणूक नाय, चोर म्हटल्यानी!"

मी घाईघाईने कोरमची, म्हणजे बहुमताची, बाजू मांडली: तसं नाही, वाचताना तिघांपैकी दोघांचं उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाही.

"दोगांक चाय पाजली काय झाला," तात्या बसत म्हणाले. मग बराच वेळ स्क्रीनकडे बघून, "आणि ह्या सगळा तुजो एक शब्द करता?"

"होय."

आणि मग तो पगाराचा प्रश्न आला.

दुपारपर्यंत वाडीभर झालं की अमक्याचा मुलगा एक शब्द लिहितो आणि दिवसभर बसून राहतो. आईने लगेच दळणाचा डबा पुढे केला. "एका शब्दाचा काम तुजा. जा, लाइट आसा तोवर दळून आण." स्क्रिप्ट नव्हती तेव्हा मी कपाळाला आठ्या घालून आयपी बडवायचो, तर आई पावलं न वाजवता यायची आणि घावणे ठेवून जायची.

वाडीचं सोडा. पुण्यातले साहेब तरी काय वेगळे? रात्री दोनला उठून चुकीच्या आयपीवर तासभर डोकं आपटणाऱ्या सहकाऱ्याचं ग्रुपवर कौतुक होतं, अंगठे, टाळ्या, 'डेडिकेशन'. तो तास वाचवणारा माणूस म्हणजे टायपिंग कमी केलेला माणूस. खरंच, हाच शब्द वापरला त्यांनी: "छान आहे, पण टायपिंगच वाचवतंय ना फक्त?" बंद नोड चुकवणं, पासवर्ड उघडा न पडणं, हे सगळं टायपिंग!

आज सकाळी त्यांचा मेसेज आला. लोकांना 'जोड' लिहायचं लक्षात राहत नाही, तेव्हा त्याचं एक बटण करून द्यावं. हिरवं असलं तर उत्तम. शुक्रवारपर्यंत.